लिंडक्विस्ट फॉल्सचा दयाळू अंपायर

पहिला डाव

शनिवारचा सामना हरल्यावर बार्लो ब्रिकमेनचा मॅनेजर रस पॉमरॉय याने आपल्याच कॅचरची बॅग बसमधून खाली फेकली. बॅग डांबरावर आपटून उघडली आणि तोंडावरची जाळी गडगडत पार्किंगच्या कडेला गेली.

"काय मिळालं रे आम्हाला विकून?"

कॅचर अन्सेल्मो किरोगा जाळीकडे बघत राहिला. "मी विकलं नाही, साहेब."

"मग त्यांना भुतं येऊन सांगतात?"

कॅचर बॅटरच्या मागे उकिडवा बसतो आणि मांड्यांच्या आडोशाने, चेंडू फेकणाऱ्या पिचरला बोटं दाखवतो. सरळ वेगाचा टाक, नाहीतर वळणारा टाक. बॅटरला हे आधी कळलं तर बेसबॉल उरत नाही, बोरं झोडपणं उरतं. शुक्रवारी आणि शनिवारी लिंडक्विस्ट फॉल्सच्या हेरन्स संघाने बार्लोची बोरं मनसोक्त झोडपली होती. घरचे दोन सामने जिंकून आलेला बार्लो इथे दोन्ही हरला. आता पाचवा, शेवटचा सामना रविवारी दुपारी एकला.

खुणा विकणाऱ्याला लीगमध्ये एकच शिक्षा होती, जन्माची बंदी. येत्या वसंतात एका मोठ्या क्लबने अन्सेल्मोला चाचणीला बोलावलं होतं. अकरा वर्षं गल्लीबोळांतल्या मैदानांवर गुडघे झिजवल्यावर आलेलं ते पहिलंच बोलावणं होतं.

बस त्याला न घेताच हॉटेलकडे निघाली.

दुसरा डाव

जाळी उचलून त्याच्या हातात दिली ती हेस्टर लोमॅक्सने. लीगचं चौकशी खातं म्हणजे ही बाई आणि तिची जुनी गाडी. एके काळी ती सॉफ्टबॉलमध्ये कॅचर होती. उजव्या हाताची बोटं चेंडू लागून लागून अशी वाकडी झाली होती की ती 'उजवीकडे' दाखवायची तेव्हा माणसं डावीकडे वळायची.

ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली आणि सूर्यफुलाच्या बियांची पुडी पुढे केली.

"शुक्रवारी संध्याकाळी कर्टिस रे याच्याबरोबर कॉफी प्यायलास. हेरन्सच्या जनरल मॅनेजरबरोबर."

"त्यांनीच बोलावलं, मॅडम. पुढच्या वर्षी आमच्याकडे ये म्हणाले. मी नाही म्हटलं आणि उठलो."

"बसला होतात कुठे?"

"रस्त्याकडच्या खिडकीत."

"खिडकी कोणी निवडली?"

अन्सेल्मोने जरा आठवलं. "त्यांनीच. आत सगळं रिकामं होतं खरं तर."

हेस्टरने एक टरफल थुंकलं. "आज सकाळी तुम्ही खुणा बदलल्यात."

"अगदी उलट्या केल्या. आधी एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा. आज एक म्हणजे वळणारा, दोन म्हणजे सरळ. तिघांनाच माहीत. मी, पिचर आणि पॉमरॉय साहेब. तरी त्यांनी धुतलं. म्हणूनच तर सगळे मला…"

"पहिल्या डावातसुद्धा धुतलं?"

"नाही. पहिल्या डावात तिघं आले, तिघं आउट, डाव खलास. वेड्यासारखे खेळले. वळणाऱ्यावर घाईने बॅट फिरवली, सरळ आला तेव्हा वाट बघत बसले. दुसऱ्या डावापासून मात्र…"

हेस्टरचं चघळणं थांबलं.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. जाळी साफ कर. उद्या लागेल."

तिसरा डाव

(प्रश्न गाळले आहेत. उत्तरांवरून ते कळतातच.)

रस पॉमरॉय, हॉटेलच्या दिवाणखान्यात:

"दुसरा कोण असणार? बोटं त्याचीच. … पिचर कशाला स्वतःला झोडपून घेईल, बाई? … मी? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? … हे गावच नतद्रष्ट आहे. आमचा पिचर बिचकावा म्हणून सगळं स्टेडियम फेकीच्या घड्याळाबरोबर ओरडत उलटं मोजतं. आणि तेही धड जमत नाही यांना! मैदानापलीकडच्या, बाहेरच्या बाकांवरचे 'शून्य' ओरडतात तेव्हा आमच्या मागचे अजून 'एक'वर असतात. मोजता येईल इतकीच बिअर प्या म्हणावं. … हो, आमच्याच वेळेला मोजतात. स्वतःच्या पिचरला कोण त्रास देईल?"

कॅल्विन ओक्स, बार्लोचा पिचर, दंडाला बर्फ लावून:

"अन्सेल्मो असं करणार नाही, पण माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. … नाही, इथला अंपायर देवमाणूस आहे. घड्याळ वीसवरून खाली येतं ना, शून्याच्या आत आम्ही फेक सुरू करायची. नाहीतर दंड. माझं घड्याळ शून्यावर गेलेलं, मी अजून चेंडू चाचपतोय, आणि म्हातारा गप्प! असं तीनचारदा झालं. … मी कशाला तक्रार करू? … थांबा हं. वळणाऱ्याला. दर वेळी वळणाऱ्यालाच. आज सरळ चेंडूला एकदा रेंगाळलो तर लगेच हात वर केला त्याने."

टोबी रेन, हेरन्सचा सगळ्यात जबर बॅटर. त्याने उत्तरं फोनवर लिहून दाखवली:

"जन्मापासून ऐकू येत नाही. शिट्टी, टाळी, डबा बडवणं, माझ्यासाठी सगळं सारखंच. … दोन्ही दिवस छान खेळलो. … नशीब." यानंतर त्याने अजून एक ओळ लिहिली, ती पुसली, आणि फोन खिशात घातला.

एमेट स्कार, हेरन्सचा सर्वांत म्हातारा खेळाडू:

"क्लबहाउसमधलं क्लबहाउसमध्येच राहतं, बाई. … स्वतःबद्दल विचारा, सांगतो. पिचरचा हात हलेपर्यंत मी माझ्या बॅटकडे बघतो. वर बघत नाही. बापाने शिकवलं, मी पाळलं. … दोन दिवसांत एकही फटका नाही. पंगत जेवून उठली आणि मी उपाशी, असं समजा. … वर बघायला सांगितलं होतं, हो. … कोणी? ते मी नाही सांगणार. तुम्ही खेळलेल्या आहात ना? मग विचारू नका."

चौथा डाव

रविवारी सकाळी अग्निशमन केंद्रात गावजेवण होतं. मोठ्या तव्यावर पॅनकेक उलटत होते. अंपायर लाइल टिबेट्स एकटाच कोपऱ्यात बसला होता; त्याच्या शेजारच्या खुर्च्या गावाने मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या.

"लाइल, तू दयाळू आहेस असं ऐकलं."

काटा ताटात आपटला. "तूसुद्धा, हेस्टर? सकाळपासून टोमणे ऐकतोय. शुक्रवारी हेरन्सच्या पिचरला उशिराचा दंड दिला आणि पाहुण्यांना एकदाही नाही, म्हणून बार्लोने मला विकत घेतलंय म्हणे. अगं, विकत घेतलेल्या अंपायरचा संघ असा मार खातो का?"

"पण पाहुण्यांना सोडलंस ना?"

"कोणाला सोडलं? मी सख्ख्या भावाला आउट दिलंय, त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी! घड्याळ माझ्या नाकासमोर, पार मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, सेंटरफील्डच्या भिंतीवर. शून्य दिसलं की हात वर. शून्य दिसलंच नाही तर काय शकुन बघून दंड देऊ?"

"ओक्स म्हणतो, शून्य झालं होतं."

"ओक्स खोटारडा आहे."

"ओक्स स्वतःच्या फायद्याची चूक कबूल करतोय, लाइल. खोटारडे असं करत नाहीत." हेस्टरने त्याच्या ताटातला पॅनकेकचा तुकडा उचलला. "आणि तुला खोटं बोलता येत नाही, हे तुझ्या भावाला विचारावं."

म्हणजे दोघेही खरं बोलत होते. आणि दोघांचं खरं एकमेकांशी जुळत नव्हतं.

पाचवा डाव

"या, या, लोमॅक्स मॅडम!" कर्टिस रे स्टेडियमच्या दारात शेगडीवर स्वतः सॉसेज भाजत होता. अंगात हेरन्सचा निळा एप्रन, तोंडभर हसू. "मोहरी घालू? आमच्या गावची मोहरी खाल्लीत की चौकशी विसराल."

"घाला थोडी. अन्सेल्मो किरोगाला कॉफी पाजलीत म्हणे."

"पाजली की! चांगल्या खेळाडूला विचारायला बंदी आहे का? त्याच्या मनात काळंबेरं असेल असं वाटलं नव्हतं हो. वाईट वाटतं." त्याने खरंच वाईट वाटल्यासारखी मान हलवली.

त्याने तिला मैदान हिंडून दाखवलं. कॅचरच्या मागच्या बुटक्या भिंतीवर लीगचं घड्याळ होतं, त्याला लीगचं शिसाचं सील.

"दुसरं, सेंटरफील्डमधलं, तेही लीगचंच?"

"होतं. ऑगस्टमध्ये आमच्या डुईने एवढा लांब फटका मारला की काचेचा भुगा झाला. लीगकडून नवीन येईपर्यंत हिवाळा उजाडेल. मग आम्ही आमच्या धावा दाखवणाऱ्या मोठ्या फळ्यावरच आकडे घेतले. दुप्पट मोठे! आजीबाईंनासुद्धा दिसतात."

"दोन्ही एकाच वेळी कोणाला दिसतात?"

"कोणालाच नाही! समोरासमोर आहेत ना. बॅटरला तिकडचं, पिचरला इकडचं." तो हसला. "देवाने डोळे पुढेच दिलेत, मॅडम."

"आणि सामना तुम्ही कुठून बघता?"

त्याने वर बोट केलं. समालोचकाच्या खोलीवर काळ्या काचेची एक छोटी खोली होती. "एकटाच बसतो. कोणी शेजारी बसलं की आम्ही हरतो. अंधश्रद्धा म्हणा. तिथेच इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाचं चित्र येतं, तेवढीच सोबत."

हेस्टरने सॉसेज संपवलं. मोहरी खरोखरच उत्तम होती.

सहावा डाव

"निकाल लिहून झालाय," कमिशनर ऑर्विल डनलीव्ही हॅट मांडीवर ठेवून म्हणाले. "बारा वाजता वाचतो."

"एक डाव द्या, साहेब. पहिला. अन्सेल्मोला खेळू द्या."

"त्याला?" पॉमरॉय ओरडला. "कुंपणाने शेत खाल्लं, आता त्याच कुंपणाला राखण द्यायची?"

"एका डावात मी चुकले तर त्याच्याबरोबर माझीही नोकरी घ्या."

डनलीव्हींनी हॅट एकदा पूर्ण गोल फिरवली. "एक डाव. त्याच्यापुढे एक चेंडूही नाही."

हेस्टरने अन्सेल्मो आणि ओक्सला बाजूला घेतलं. "खुणा कालच्याच. बदलू नका. शिकायला वेळ लागतो, आणि आज समोरच्याला वेळ द्यायचा नाहीये."

मग तिने खालच्या आवाजात आणखी काही सांगितलं. ओक्सचे डोळे मोठे झाले. अन्सेल्मो दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

सातवा डाव

या डावात इकडे सगळे लोक उठून उभे राहतात, हातपाय ताणतात, गाणं म्हणतात. तुम्हीही उठा.

हेस्टरला जे माहीत होतं ते सगळं तुम्हालाही माहीत आहे. बहिऱ्याला कळतं आणि खाली बघणाऱ्याला कळत नाही, ते काय? पहिल्या डावात हेरन्स चुकीचं का वागले? आणि एका गावाला शून्यापर्यंत मोजता का येत नाही?

पाणी प्या. बसा.

आठवा डाव

हेस्टर कमिशनरना घेऊन पहिल्या बेसच्या रेषेवर, दोन्ही स्टँड्सच्या मधोमध उभी राहिली. हेरन्सचा पहिला बॅटर टोबी रेन आला. बेसवर कोणी नव्हतं.

"साहेब, तुम्ही फक्त ऐका. या पहिल्या चेंडूला अन्सेल्मो सरळची खूण करणार आहे. सगळं गाव एका सुरात शून्यावर येईल."

घड्याळं सुरू झाली. "पाच! चार! तीन!" हजारो गळे, एक आवाज. ओक्सने शून्याच्या आत सरळ चेंडू फेकला. रेनने तो रेषेबाहेर टोलवला. फाउल, म्हणजे पहिली स्ट्राइक.

"आता वळणाऱ्याची खूण होणार. आता गाव फुटेल."

"सात! सहा!" आवाज एक होता. आणि मग बाहेरच्या बाकांवरचे "पाच!" ओरडले तेव्हा कॅचरच्या मागचे पुन्हा "सहा…" म्हणाले. तिथून पुढे दोन्ही आवाज भांडत भांडत खाली आले. रेनने फळ्यावरून नजर हलवली, पाय रोवले, आणि वळणाऱ्याची निवांत वाट पाहू लागला.

ओक्सने सरळ फेकला. जीव खाऊन. रेनची बॅट चेंडू हातमोज्यात शिरल्यावर हलली.

"खूण वळणाऱ्याची, चेंडू सरळ," हेस्टर म्हणाली. "या डावात सगळे चेंडू सरळच टाकायचं ठरलंय. पुन्हा वळणाऱ्याची खूण येतेय. ऐका."

गाव पुन्हा सहावर फुटलं. रेन पुन्हा थांबला. सरळ चेंडू, तिसरी स्ट्राइक, आउट. रेन फळ्याकडे असा बघत राहिला, जसा माणूस दगा दिलेल्या मित्राकडे बघतो.

डनलीव्हींनी हॅट काढली. "टिबेट्सला सांगा, खेळ थांबव."

जिने चढताना ते धापा टाकत विचारत होते आणि हेस्टर एकेका वळणावर उत्तर देत होती.

"या गावाला मोजता येतं, साहेब. आतले लोक फळ्याचं घड्याळ बघतात, बाहेरचे लीगचं. दोघे आपापल्या घड्याळाशी इमानदार आहेत. वळणारा येणार असेल तर फळ्यावरचा सहा एक ठोका जास्त थांबतो, इतकंच."

"बॅटर तिकडे बघतो हे कोणाला खटकलं नाही?"

"घड्याळाकडे बघायला बंदी नाही. बघायलाच हवं. रेनला ऐकू येत नाही, तरी त्याला कळत होतं. म्हणजे आवाज नव्हता. स्कार मान खाली घालतो, त्याला कळलं नाही. म्हणजे बघायची गोष्ट, आणि समोरची."

"आणि दयाळू अंपायर?"

"लाइललाही फळाच दिसतो. ओक्सच्या घड्याळात शून्य, लाइलच्या घड्याळात एक. ओक्सला वाटलं माफी मिळाली. माफीची तक्रार कोण करतं? हीच तर हुशारी होती."

"पण किरोगा निर्दोष कशावरून?"

"शनिवारचा पहिला डाव. खुणा उलट्या केल्या होत्या आणि हेरन्सना बरोबर उलटा निरोप मिळाला. अन्सेल्मोने विकल्या असत्या तर नव्या खुणा पहिल्या चेंडूपासून माहीत असत्या. चोर जुन्याच खुणा वाचत होता. सेंटरफील्डच्या कॅमेऱ्यातून बोटं बघायची, चेंडू बघायचे, एका डावात नवीन अर्थ शिकायचा."

"म्हणजे ज्याच्याकडे कॅमेऱ्याचं चित्र आहे आणि फळाही त्याच्याच हातात…"

"आणि जो शेजारी कोणाला बसू देत नाही."

डनलीव्हींनी दार ढकललं. पडद्यावर मघाचाच चेंडू पुन्हा फिरत होता; अन्सेल्मोच्या मांड्या आणि एकच बोट भिंतीएवढं दिसत होतं. कर्टिस रे वळलासुद्धा नाही. त्याचा अंगठा एका काळ्या बटणावर होता.

"पोरा, कॉफी इथे ठेव आणि जा," तो म्हणाला.

"पोरगा नाही," डनलीव्ही म्हणाले. "आणि अंगठा तिथेच राहू दे, कर्टिस. लाइलला वर येऊन बघायचंय."

नववा डाव

फळा बंद झाला. लाउडस्पीकरवरून कमिशनरनी काय घडलं ते साध्या शब्दांत सांगितलं. स्टेडियम इतकं शांत झालं की शेगडीवरची चरबी तडतडलेली ऐकू आली. मग कोणीतरी एकाने कर्टिस रेच्या काळ्या काचेकडे बघून शिट्टी मारली, आणि सगळं गाव ओरडायला लागलं. स्वतःच्याच जनरल मॅनेजरवर.

"सामना बार्लोला देतो," डनलीव्ही पॉमरॉयला म्हणाले. "न खेळता. नियम तसाच आहे."

पॉमरॉय हात पुढे करणार इतक्यात मध्ये अन्सेल्मो आला.

"नको, साहेब."

"अरे मूर्खा, फुकटात मिळतंय!"

"म्हणूनच नको. कालपासून लोक म्हणत होते की माझ्यामुळे हरलो. आता म्हणतील, कमिशनरमुळे जिंकलो. मला बोटं दाखवून जिंकायचंय."

हेस्टर कुंपणाला टेकली आणि मुकाट्याने बिया चघळू लागली. निकाल आता तिच्या हातात नव्हता, आणि तिला ते फार आवडलं.

खरा सामना झाला तो हा. हेरन्सचे बॅटर आंधळ्यासारखे सुरुवातीला चाचपडले, मग हळूहळू स्वतःच्या डोळ्यांवर खेळायला लागले, आणि चांगले खेळले. रेनने एक असा फटका मारला की बार्लोच्या खेळाडूंनीही मान डोलावली. शेवटच्या डावात बार्लो एका धावेने पुढे, हेरन्सचा एक गडी तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकच टप्पा दूर, दोन आउट. बॅट घेऊन आला एमेट स्कार.

त्याने बॅटकडे बघितलं. ओक्सने फेकला, स्कारने फाउल मारला. पुन्हा फेकला, पुन्हा फाउल, कुंपणाच्या इतका जवळ की पॉमरॉयने डोळे मिटले. दोन स्ट्राइक.

अन्सेल्मो खाली बसला. सरळ टाकणं शहाणपणाचं होतं; दुपारभर सरळच चालला होता. त्याने बराच वेळ बोटं उघडलीच नाहीत. मग एकच बोट उघडलं. वळणारा. ओक्सने मान हलवून नकार दिला. अन्सेल्मोने तेच बोट पुन्हा दाखवलं. ओक्सने श्वास सोडला आणि होकार दिला.

चेंडू स्कारच्या छातीएवढा उंच निघाला, वाटेत जणू त्याला काही आठवलं, आणि तो खाली कोसळला. म्हाताऱ्याची बॅट हवेचा एक मोठा तुकडा कापून गेली. अन्सेल्मोने चेंडू मातीला टेकायच्या आत झेलला आणि मुठीत घट्ट धरला. तिसरी स्ट्राइक; सामना बार्लोचा.

स्कार गुडघ्यावर गेला होता. तो उठला, बॅट झटकली आणि अन्सेल्मोकडे बघून एखाद्या लहान मुलासारखा हसला.

"काय सुरेख होता रे," तो म्हणाला. "आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही!"

पॉमरॉय सगळ्यांच्या आधी धावत येऊन पोचला. त्याने टोपी काढली. "अन्सेल्मो, मी… काल मी…"

"माफी उद्या मागा, साहेब. सावकाश, सगळ्यांसमोर," अन्सेल्मो म्हणाला. "आज मला वेळ नाही."

आणि चेंडू वर धरून तो ओक्सकडे पळत सुटला.